नवं लोखंड वास पितं

जमिनीतून निघणाऱ्या गॅसला स्वतःचा वास नसतो. हे सांगितलं की बहुतेकांचा विश्वास बसत नाही, कारण शेगडी उघडी राहिली की येणारा कुजक्या कोबीसारखा दर्प सगळ्यांच्या ओळखीचा असतो. तो दर्प कुणीतरी मुद्दाम घातलेला असतो, गळती झाली तर माणसाला कळावी म्हणून. कंपनीत हे काम एकतीस वर्षं ज्यांनी केलं त्यांना सगळे अत्तरकाका म्हणतात. पगारपत्रकावर त्यांचं वेगळं नाव आहे, पण त्या नावानं हाक मारली तर काका मागं वळूनही बघायचे नाहीत.

काका कामाला लागले तेव्हा कंपनी म्हणजे एक विहीर, तीन पत्र्याच्या शेड आणि दोन ट्रक. त्यातल्या एका ट्रकचा ब्रेक लागत नसे, म्हणून तो फक्त चढावर वापरायचे. मालक दुपारचा डबा कामगारांबरोबर रिकाम्या ड्रमवर बसून खात. वासाचं रसायन पिवळट पाण्यासारखं दिसायचं आणि जाड झाकणाच्या पिंपातून यायचं. त्याचा एक थेंब बुटावर पडला तर बूट जमिनीत पुरावा लागे. कामगारांनी त्याचं नाव अत्तर ठेवलं होतं, आणि ते हाताळणाऱ्या नव्या माणसाला आपोआप ते नाव चिकटलं.

काम शिकवलं एका म्हाताऱ्या फोरमननं. त्याला सगळे उस्ताद म्हणत. उस्तादाचे नियम मोजके होते. तपासणीच्या दिवशी तंबाखू नाही, कांदा नाही, साबणसुद्धा बिनवासाचा. आणि एक गोष्ट त्यानं काकांना पहिल्याच आठवड्यात सांगितली.

"नवं लोखंड वास पितं," उस्ताद म्हणाला. "कोरी नळी टाकलीस की गॅस तिच्या पोटातून पलीकडे जातो, वास मात्र आतच मुरतो. टोकाला जे निघतं ते नुसत्या हवेसारखं. पण पेटतं."

"मग करायचं काय?"

"पाजायचं. दुप्पट, तिप्पट. तिचं पोट भरेस्तोवर. मग टोकाला जाऊन स्वतः हुंगायचं. इथं टाकीवर किती घातलं त्या आकड्यावर जायचं नाही. आकडा इथला असतो, माणसं तिथं राहतात."

हुंगण्यासाठी एक पेटी होती. तिच्या तोंडावर एक चकती, चकतीवर शून्यापासून चाळीसपर्यंत आकडे. चकती फिरवली की स्वच्छ हवेत थोडा थोडा गॅस मिसळत जाई. पेटीच्या नळकांड्याला नाक लावायचं, चकती हळूहळू फिरवायची आणि वास जाणवला की म्हणायचं, "आला." ज्या आकड्यावर आला तो लिहायचा. काकांना सातवर यायचा. इतरांना बारा-तेरावर. वीसच्या पुढे गेला तर लाइन नापास. ही पेटी सोडून कंपनीतली दुसरी कुठलीही वस्तू एकतीस वर्षं तशीच्या तशी राहिली नाही.

बसमध्ये काकांच्या शेजारची जागा कायम रिकामी असायची. काकूंचे वडील पहिल्यांदा त्यांना भेटले तेव्हा घरी जाऊन म्हणाले होते, "मुलगा निर्व्यसनी आहे म्हणतात. वासावरून तसं वाटत नाही." काकूंनी तरीही होकार दिला आणि पुढे सगळी वर्षं काकांचे कपडे गच्चीवर, वेगळ्या बादलीत धुतले. मुलगी लहान असताना बाबा कोपऱ्यावर आले की घरात बसून ओळखायची. "बाबा आले," ती सांगायची आणि दोन मिनिटांनी दार वाजायचं.

कंपनी वाढली. आधी दुसरी विहीर, मग अख्खं क्षेत्र. शेजारचा तेलशुद्धीकरण कारखाना बुडीत निघाला, तो हिनं घेतला. मग जहाजं आली, समुद्राच्या तळाशी नळ्या गेल्या, परदेशात कार्यालय निघालं. बोधचिन्ह तीनदा बदललं आणि तिन्ही वेळा कामगारांना नव्या टोप्या मिळाल्या. मालक गेले, त्यांचा मुलगा अध्यक्ष झाला. त्याला कामगारांनी फक्त हेलिकॉप्टरमधून उतरताना पाहिलं होतं. पूर्वी सुरक्षा विभाग म्हणजे एका कारकुनाचं टेबल. त्याचे आता तीन मजले झाले आणि ते विहिरीपासून चाळीस किलोमीटर दूर, काचेच्या इमारतीत गेले. काका मात्र पिंपांपाशीच होते. नवे इंजिनिअर आले की त्यांना पहिल्या दिवशी काकांकडे आणत, जुनं झाड दाखवावं तसं. "यांचं नाक," ओळख करून देणारा म्हणे, "यंत्रापेक्षा पक्कं." काका मान हलवायचे. त्यांना ते आवडायचं, हे लपत नसे.

चार वर्षांपूर्वी काकांना आठवडाभर ताप आला. ताप उतरला, चव परत आली नाही. आधी त्यांना वाटलं तोंड बेचव झालंय. मग एका सकाळी ते वर्तमानपत्र वाचत बसले असताना काकू गच्चीवरून धावत खाली आल्या.

"अहो, दूध करपलं. घरभर धूर झालाय. तुमच्या नाकाखाली."

काकांनी वर पाहिलं. धूर दिसत होता.

"सर्दी आहे," ते म्हणाले.

"तीन महिने?"

काकूंनी भांडं घासायला घेतलं. त्या दिवसापासून दुधाजवळ त्या स्वतः उभ्या राहू लागल्या.

काकांनी डॉक्टरकडे जायचं टाळलं, कारण डॉक्टर कंपनीचाच होता. कळलं असतं तर नोकरी गेली नसती. गेटवर बसवलं असतं, खुर्ची आणि छत्री देऊन. पण मग नव्या इंजिनिअरांना कुणाकडे आणलं असतं? शिवाय काकांनी मनाशी एक हिशोब जुळवला होता: गॅसात वास आपण स्वतः घालतो, तो तिथं असणारच. तो सातवर येतो हे इतक्या वर्षांत हाताला पाठ झालेलं. चकतीची सातची खाच बोटाला डोळे मिटून कळायची. तेव्हा पेटीला नाक लावायचं, चकती सातवर आणायची, "आला" म्हणायचं. जुन्या, वास मुरलेल्या नळ्यांवर हे खरंच निघायचं. एकदाही तक्रार आली नाही.

मग नव्या वसाहतीची लाइन आली. सव्वीस किलोमीटर, सगळी नळी कोरी. टोकाला चारशे बारा घरं. त्यातल्या चौथ्या मजल्यावरच्या एका घरात काकांची मुलगी राहायला जाणार होती. जावई घर घेताना घुटमळत होता, तेव्हा काकांनीच सांगितलं होतं, "गॅस आमचा येतोय. बिनधास्त घ्या."

"पाजायला तीन आठवडे लागतील," काकांनी व्यवस्थापकांना सांगितलं.

"अध्यक्ष सोमवारी बटण दाबायला येतायत," व्यवस्थापक म्हणाले. "सहा दिवस देतो. दुप्पट घाला, तिप्पट घाला, तुमची विद्या तुम्हाला ठाऊक."

काकांनी सहा दिवस तिप्पट घातलं. सातव्या दिवशी पेटी घेऊन ते टोकाला गेले. नियमाप्रमाणे दोन नाकं लागतात, म्हणून बरोबर इंजिनिअर मॅडम होत्या. वयानं मुलीएवढ्या, कामात चोख, काकांना मानणाऱ्या. काकांनी नळकांड्याला नाक लावलं, चकती फिरवली.

"आला. सात."

मॅडमनी नाक लावलं. सात, दहा, पंधरा. चकती वीसच्या पुढे गेली तशा त्या थांबल्या. पुन्हा शून्यावर आणून सुरुवात केली.

"काका, मला काही..."

"सर्दी आहे का?" काकांनी विचारलं.

मॅडमना आठवड्यापूर्वी खरंच सर्दी झाली होती. त्या हसल्या, "असेल," म्हणाल्या आणि काकांच्या सहीखाली सही केली. सोमवारी अध्यक्षांनी बटण दाबलं. ज्योत निळी, सरळ उभी राहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मुलगी राहायला गेली त्याला एकोणीस दिवस झाले होते. मंगळवार होता आणि काकांची दुपारची पाळी, म्हणून ते सकाळी घरी होते. फोन काकूंनी घेतला. मुलीचा आवाज मोठा, खोलीभर ऐकू येणारा.

"आई, इथला गॅस किती छान आहे गं. काल वाऱ्यानं शेगडी विझली, चांगली दहा मिनिटं तशीच चालू होती, कुणाला पत्ता नाही. नशीब, खिडकी उघडी होती. पण वास म्हणशील तर जराही नाही. आपल्याकडे तर बाबा नुसते आत आले तरी यायचा."

काकू हसायला लागल्या होत्या, त्या मध्येच थांबल्या. "शेगडी बंद ठेव," एवढं म्हणून त्यांनी फोन खाली ठेवला आणि काकांकडे वळल्या.

"तिथली तपासणी तुम्हीच केलीत ना?"

"हो."

"पाहिलंत, की नुसती सही केलीत?"

"मॅडमचीही सही आहे."

"मी तुम्हाला विचारतेय."

काकांनी उठून बूट घातले.

वसाहतीत पोचायला पाऊण तास लागला. दार विहीणबाईंनी उघडलं. "या, या. रोज शेगडी पेटवताना तुमचंच नाव काढतो आम्ही," त्या म्हणाल्या आणि पंख्याच्या बटणाकडे वळल्या.

"विहीणबाई, बटणाला हात लावू नका. ठिणगी उडते."

त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. विहीणबाईंनी हात खाली घेतला. काकांनी सगळ्या खिडक्या उघडल्या, पोरीला ओट्यापाशी बोलावलं आणि न पेटवता शेगडी सोडली. आवाज येत होता, बारीक, सलग.

"वाक. हुंग."

"काही नाही, बाबा."

"नीट बघ."

"काहीच नाही. तुम्हाला येतोय का?"

काकांनी शेगडीवर वाकून स्वतः हुंगलं.

"मला चार वर्षं कसलाच वास येत नाही," ते म्हणाले.

मुलीनं हात पुढे करून शेगडी बंद केली. बराच वेळ ती बटणावरचा हात काढेना. मग म्हणाली, "बाबा, या इमारतीत सगळ्यांकडे हाच गॅस आहे."

"चारशे बारा घरांत," काका म्हणाले.

कंपनीचं स्थानिक कार्यालय वसाहतीपासून दहा मिनिटांवर होतं. व्यवस्थापक आणि मॅडम दोघंही जागेवर होते. काकांनी उभ्यानंच सांगितलं: लाइनला वास नाही, वसाहतीचा मुख्य व्हॉल्व्ह लगेच बंद करायला हवा.

व्यवस्थापकांनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "टाकीवरचा आकडा बघा. डोस बरोबर चाललाय. हिरवा दिसतोय."

"आकडा इथला आहे साहेब."

"बंद करायचा तर मुख्यालयाची परवानगी लागते. कारण काय लिहू? दोन सह्यांनिशी लाइन पास आहे, त्यातली एक तुमची."

"माझं नाक गेलंय असं लिहा. ताप आला होता तेव्हापासून."

व्यवस्थापकांनी पेन खाली ठेवलं. "काका, हे कागदावर आलं तर चार वर्षांतली तुमची प्रत्येक सही..."

"हो," काका म्हणाले.

"मलाही वास आला नव्हता," मॅडम खिडकीजवळून म्हणाल्या. "मी वीसच्या पुढे नेलं होतं. मला वाटलं, काकांना आलाय म्हणजे माझंच काही चुकत असेल."

व्यवस्थापकांनी एकदा काकांकडे, एकदा मॅडमकडे पाहिलं. "मुख्यालयात बैठक चालू आहे," शेवटी ते म्हणाले. "तीनला सुटेल. सुटली की विचारतो. तोवर कुणी कशाला हात लावायचा नाही."

साडेबारा वाजले होते. वसाहतीच्या तोंडाशी, तारेच्या कुंपणात मुख्य व्हॉल्व्ह होता. त्याच्या किल्ल्या दोन. एक मुख्यालयात, दुसरी गेली कित्येक वर्षं प्रत्येक लाइनची असते तशी, काकांच्या कमरेला. काका बाहेर पडले. मॅडम त्यांच्यामागोमाग निघाल्या तेव्हा व्यवस्थापकांनी हाक मारली नाही, फक्त दुसरीकडे पाहिलं.

चाकाला अठरा फेरे होते. उन्हानं लोखंड तापलं होतं. काकांनी रुमाल गुंडाळून ते फिरवलं. सोळाव्या फेऱ्याला गॅलऱ्यांमधून बायका डोकावू लागल्या. "अहो, कुकर अर्धाच झालाय," एकजण वरून म्हणाली. "कोण आहेत ते?" "कंपनीचे दिसतायत. वेळ बघून येतात मेले." अठराव्या फेऱ्याला चाक अडलं. काकांनी कुलूप लावलं आणि किल्ली मॅडमच्या हातात दिली.

मग घरोघर गॅस मापायचं यंत्र घेऊन चार माणसं निघाली. चौघांनाही मॅडमनी आपल्या जबाबदारीवर बोलावलं होतं. मुलीच्या इमारतीत काका स्वतः बरोबर गेले. पहिल्या दोन मजल्यांवर सुई हलली नाही. तिसऱ्या मजल्यावर, मुलीच्या बरोबर खालच्या घरात, ओट्याखालचं कपाट उघडलं आणि सुई टोकाला जाऊन टेकली.

नळीच्या जोडाचा नट नीट आवळलेला नव्हता, एवढंच. बसवणाऱ्यानं घाईत तसाच सोडला असावा. कपाट बंदिस्त, त्यात डाव्या हाताला विजेवर पाणी तापवायचं यंत्र आणि त्याचं बटण. घरातली बाई दारात उभी होती, तिला हे सगळं जरा अतीच वाटत होतं.

"आम्हाला तर काही जाणवलं नाही," ती म्हणाली.

"हे यंत्र कधी लावता?" मॅडमनी विचारलं.

"चारला. मुलं शाळेतून आली की आंघोळीला."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. काकांनी वर, छताकडे पाहिलं. छताच्या पलीकडे मुलीचं स्वयंपाकघर होतं. विहीणबाईंची पावलं ऐकू येत होती.

चार वाजेपर्यंत अशी आणखी दोन घरं सापडली.

व्यवस्थापक आले तेव्हा त्यांनी सुईचा फोटो काढला, तो कुठेतरी पाठवला आणि फोनवर बराच वेळ नुसतं "हो सर" म्हणत राहिले. काकांशी ते एकच वाक्य बोलले. "उद्यापासून येऊ नका."

"आज आहे ना अजून," काका म्हणाले. "कागद द्या."

इमारतीच्या पायरीवर बसून त्यांनी यादी केली. चार वर्षांत त्यांनी पास केलेल्या नव्या लाइनी अकरा. त्यातल्या पाच जुन्याच नळ्यांवर जोडलेल्या, त्यांना धोका नव्हता. तीन इतक्या आधीच्या की एव्हाना लोखंडाचं पोट भरलं असणार. उरल्या तीन. एक हीच, चारशे बारा घरांची. दुसरी बेकरीची. मॅडमनी तिथं फोन लावला, तिथला माणूस म्हणाला वास येतो, भट्टीपाशी तर फारच येतो, कधी येऊन बघणार? काकांनी त्या ओळीपुढे खूण केली.

तिसरी दोन महिन्यांपूर्वीची, शहराबाहेरच्या नव्या रुग्णालयाची. नळी कोरी, आणि रुग्णालय अजून निम्मंच सुरू झालेलं, त्यामुळे गॅसचा वापर थोडा. गॅस जितका हळू सरकतो तितकं लोखंड जास्त पितं. उस्तादानं हेही सांगितलं होतं.

तिथला व्हॉल्व्ह बंद करायला मॅडमनी एक गाडी आधीच पाठवली होती. गाडीला अर्धा तास लागणार होता. रुग्णालयाच्या तळघरातल्या बॉयलर खोलीचा नंबर तिसऱ्यांदा फिरवल्यावर लागला. मॅडमनी फोन काकांच्या हातात दिला.

"मी अत्तरकाका बोलतोय. गॅसवाल्या कंपनीतून."

"अरे वा, काका," पलीकडचा बॉयलरवाला खूष झाला. "नाव ऐकून आहे तुमचं. बोला."

"बॉयलरपाशी गॅसचा वास येतो का कधी?"

"छे. कसला वास. एकदम स्वच्छ काम आहे तुमचं. दोन महिन्यांत तक्रारीला जागा नाही."

"आज तिथं कोण गेलं होतं?"

"सकाळपासून बंदच आहे खोली. दार लावलेलं. का हो? थांबा, तुम्ही एवढं विचारताय तर बघूनच येतो. आत मिट्ट अंधार असतो, दिवा लावायला लागेल."

"लावू नका," काका म्हणाले. "ऐका, दार उघडू नका, दिव्याला हात..."

पण रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आधीच येऊन गेला होता. मग चपलांचा आवाज ऐकू आला, सावकाश, दूर जाणारा. काकांनी फोन कानाला घट्ट दाबला आणि पावलं मोजू लागले.